विंगेतून न सांगितलेली ओळ

एक गोष्ट मी आयुष्यात शेकडो वेळा सांगितली आहे, आणि खरी एकदाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते. का सांगते ते विचारू नका — मलाच नीट माहीत नाही.

कोल्हारच्या आमच्या हायस्कुलात आम्ही दहावीला होतो. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची, त्यामुळे दहावीचं वर्ष जरा मोकळं. अभ्यासाशिवाय जे काही करायचं ते त्याच वर्षी — वक्तृत्व, हस्तलिखित, स्नेहसंमेलन, नाटक. बांगलादेशची लढाई होऊन वर्ष होत आलं होतं. पाऊस पडला नव्हता. प्रवरेच्या पात्रात मुलं सायकली चालवायची. गावात दुसरं काही चांगलं घडत नव्हतं, म्हणून असेल, पण शाळेतल्या त्या नाटकात आमचा सगळ्यांचा जीव अडकला होता.

नाटक मराठीच्या भालेराव सरांनी स्वतः लिहिलं होतं. एका सैनिकाच्या आईची गोष्ट. शेवटच्या प्रवेशात पोस्टमन तार घेऊन येतो, वाचून दाखवतो, तिच्या हातात देतो. मुलगा गेला. आई तारेकडे बघते आणि म्हणते, "दादा, घर चुकलं तुमचं. ही तार आमची न्हवं." तिथून पुढे दोन पानांचं भाषण. ते भाषण ऐकताना तालमीत मुलं रडायची.

ती आई मला व्हायचं होतं.

मी सरांपुढे ते भाषण म्हणून दाखवलं. पाठ, एकही अडखळ नाही. सर म्हणाले, "आवाज छान आहे तुझा. पण चेहरा हलत नाही गं." मग एस्तेरनं म्हटलं. ती मधे दोनदा विसरली, तरी सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. भूमिका तिला मिळाली. मला प्रॉम्प्टर केलं. म्हणजे विंगेत वही घेऊन उभं राहायचं, आणि कुणी विसरलं की हळूच पुढची ओळ सांगायची.

एस्तेर माझी मैत्रीण होती. साधी नव्हे, जिवाभावाची. तिचे वडील साखर कारखान्यात कामाला, आई गावातल्या ख्रिस्ती वस्तीतल्या बालवाडीत शिकवायची. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी खायची, माझ्या डब्यातला गूळ ती. भूमिका मिळाल्यावर तीच माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तू हायेस ना विंगेत, मग मला भ्या न्हाई." मी हसले. हसले — पण आत काय चाललं होतं? तुम्ही कधी आपल्याच माणसाचा असा राग केला आहे का, की त्याचा राग येतोय हेसुद्धा स्वतःला कळू द्यायचं नाही?

तालमीत ती एकाच जागी अडायची. तार हातात घेतली की. म्हणायची, तिथं डोकं एकदम रिकामं होतं, खरंच कुणी गेल्यासारखं वाटतं. म्हणून आमचं ठरलं होतं. अडली की तिनं तारेकडे बघायचं आणि मान जराशी माझ्या बाजूला वळवायची. मी 'दादा' एवढंच म्हणायचं. दोन अक्षरं. ती मिळाली की पुढचं सगळं धबधब्यासारखं यायचं.

स्पर्धा नगरला होती. जिल्ह्यातल्या बारा-पंधरा शाळा, दिवसभर एकामागून एक नाटकं. आणि सरांनी आम्हाला आदल्या दिवशी एक बातमी सांगितली होती. परीक्षक पुण्याहून येणार होते, आणि त्यांना आवडलेल्या काही मुलांना ते मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याच्या नाट्यशिबिरात नेणार होते. तीन आठवडे. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं त्यांचं. एस्तेरला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी एस.टी.त माझ्या शेजारी बसून तिनं सांगितलं, "मला दुसरं कायबी नको बग. नाटकच करायचंय. पप्पाबी हो म्हनलेत." सबंध रस्ताभर ती माझा हात धरून होती.

आमचा नंबर दुपारी आला. हॉल गच्च भरलेला. मी उजव्या विंगेत वही घेऊन. सर समोरच्या, डाव्या विंगेत.

आणि काय सांगू — ती अप्रतिम करत होती. तालमीत कधी केलं नव्हतं तसं. मी वहीतली एकेक ओळ बोटानं पुढे नेत होते आणि प्रत्येक ओळ मला येत होती, मला, आणि लोक बघत होते तिच्याकडे.

पोस्टमन आला. तार वाचली. तिच्या हातात दिली. ती तारेकडे बघत राहिली.

लोकांना वाटलं, हा अभिनय आहे. पुढची पन्नास वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले — मला वाटलं, ती मुद्दाम थांबली आहे. खोटं आहे ते. कारण तिनं मान वळवली. ठरल्याप्रमाणे, जराशी, माझ्या बाजूला. तिचे डोळे माझ्या डोळ्यांत होते. माझं बोट त्या ओळीवर होतं. 'दादा.' तोंड उघडायचं होतं फक्त.

मी उघडलं नाही.

ठरवून? हो, ठरवूनच म्हणायला हवं. घसा बसला नव्हता, गोंधळले नव्हते. माझ्या मनात लख्ख एक विचार आला — आता बघू, चेहरा किती हलतो. हा विचार माझाच होता. माझा मलाच धक्का बसला, आणि तरीही मी गप्प राहिले. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होते मी. तिच्या डब्यात जेवणारी.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. आधी कुणीतरी खोकलं. मग मागच्या बाजूला दुसऱ्या शाळेची मुलं खुसफुसली. मग एकजण ओरडला, "तार उलटी धरली काय गं?" आणि अख्खा हॉल हसला. घामानं रंग ओघळला. ती माझ्याकडेच बघत होती. आधी विनवणी होती तिच्या डोळ्यांत. नंतर ती विनवणी गेली. तिथं दुसरंच काहीतरी आलं — तिला कळलं. मी बघितलं, तिला कळताना.

समोरच्या विंगेतून सर हातवारे करत होते. सांग, सांग तिला!

तेव्हा मी बोलले. पण हळू नाही. प्रॉम्प्टर जसा कुजबुजतो तसं नाही. मी पूर्ण आवाज लावला. "दादा, घर चुकलं तुमचं! ही तार आमची न्हवं!" आणि थांबले का? नाही. सबंध भाषण म्हटलं. दोन पानं. विंगेतून, अंधारातून, त्या आईच्या आवाजात. हसणं थांबलं. एस्तेर रंगमंचाच्या मधोमध उभी, हातात तार, ओठ मिटलेले, डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटलं, हा आईच्या मनातला आवाज आहे. दिग्दर्शनाची करामत. पडदा पडला तेव्हा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता.

सर धावत आले. मला म्हणाले, "पोरी, नाटक वाचवलंस!" मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "पण आधी का नाही सांगितलंस तिला?"

मी आता काय म्हणणार होते? खरंच माहीत नाही. कारण माझ्या आधी एस्तेर बोलली. भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "सर, तिनं सांगितलं हुतं. दोनदा. मलाच ऐकू आलं न्हाई."

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं.

आणि मी मान डोलावली. "हो सर. दोनदा."

परीक्षक आत आले, आवाज कुणाचा म्हणून विचारत. सरांनी मला पुढे केलं. आमच्या शाळेतून शिबिरासाठी एक नाव लिहिलं गेलं, ते माझं. येताना एस.टी.त एस्तेर पुढे, मुलींच्या सोबतीला आलेल्या बाईंच्या शेजारी बसली. सर तिला एवढंच म्हणाले, "माझीच निवड चुकली." साधा सरळ माणूस, रागानं नव्हे, खंतीनं म्हणाले. पण त्यानंतर तिला कशातच घेतलं नाही. वर्गातली मुलं तिला 'तार' म्हणायला लागली. ती जवळून गेली की कुणीतरी हळूच, "तार आली, तार आली." मी त्या मुलांना कधी टोकलं नाही.

नाताळात तिची आई आमच्या घरी आली. फराळाचं ताट घेऊन, वर विणलेला रुमाल. माझ्या आईसमोर माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, तू हुतीस म्हनून माझ्या पोरीची आब्रू राह्यली." माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या ताटातली करंजी उचलली आणि खाल्ली. मला आजही कळत नाही, ती माझ्या घशाखाली उतरली कशी. पण उतरली. दुसरीही खाल्ली.

मे महिन्यात मी पुण्याला गेले. तिथं मला चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं, श्वास घ्यायला शिकवलं. त्या तीन आठवड्यांनी माझं आयुष्य बदललं, हे खरंच आहे. पुढे मी शिक्षिका झाले, आणि नोकरीची सगळी वर्षं शाळेची नाटकं बसवली. कितीतरी मुलामुलींना स्पर्धांना नेलं. दर वर्षी तालमी सुरू करताना एक गोष्ट सांगायचे. एका मुलीची. मैत्रीण रंगमंचावर अडली तेव्हा तिनं विंगेतून भाषण म्हटलं आणि नाटक वाचवलं. प्रसंगावधान म्हणजे काय, ते त्यातून शिका, म्हणायचे.

एस्तेर मॅट्रिकनंतर नर्सिंगला गेली. आमच्या गाठीभेटी तुटल्या. मी तुटू दिल्या.

वीस-एक वर्षांनी माझ्या आईला नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात सिस्टर आली ती एस्तेर. केस थोडे पांढरे झालेले, बाकी तीच. आईची तिनं अकरा दिवस सेवा केली. वेणी घालायची, भरवायची, आईला हसवायची. बाकीच्या पेशंटांना नकला करून दाखवायची — डॉक्टरांच्या, वॉर्डबॉयच्या, आणि अख्खा वॉर्ड खदखदून हसायचा. मी दारात उभी राहून बघायची. काय चेहरा होता तो! सगळा हलता.

आईला घरी न्यायच्या दिवशी मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "एस्तेर, त्या नाटकात..." ती थांबली. मग हळू आवाजात, आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, "म्हाईत हाय मला. तवाच कळलं हुतं."

मी विचारलं, मग सरांना तसं का सांगितलंस?

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं, असा प्रश्न कुणी विचारावा याचंच तिला नवल वाटलं. म्हणाली, "माझं तर गेलंच हुतं. दोघींचं कशाला जायचं?"

आणि औषधांचा ट्रे घेऊन जिना चढून गेली. कुणीतरी आतून तिला हाक मारत होतं.

वीस वर्षं मी समजत होते की मी काहीतरी लपवलंय. मी काहीच लपवलं नव्हतं. तिनं लपवलं होतं. मला काय मिळतंय ते बघून, ते मला मिळू दिलं होतं.

आता जे सांगायचंय ते यापुढचं आहे. इथवरचं तुम्ही कदाचित समजून घ्याल — लहान होते, मत्सर होता, मुलांच्या हातून असं होतं. पण जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर मी लहान नव्हते. चाळिशीला आले होते. सगळं कळलेलं होतं.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली. नव्या मुली नाटकासाठी जमल्या. बाक भिंतीला लावले, खाली सतरंजी घातली, मुली गोल करून बसल्या. आणि मी त्यांना ती गोष्ट सांगितली. विसरलेल्या मैत्रिणीची आणि नाटक वाचवणाऱ्या मुलीची. एक शब्दही न बदलता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी सांगितली. शेवटी नेहमी जरा थांबायचे, आणि म्हणायचे, ती मुलगी म्हणजे मीच.