थॉमस पास्टर आणि आईचा देव्हारा

थॉमस पास्टर गेल्याचं कट्टा गावच्या बाजारात कळलं. "बरं झालं!" माझ्या तोंडून निघून गेलं. बांगडे देणारी बाई बघतच राहिली. मेलेल्याचं वाईट बोलू नये म्हणतात... पण चांगलं बोलायला त्याने काही ठेवलं असतं तर ना!

दूर दक्षिणेतून धर्म सांगायला आला होता. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा, मराठी पुस्तकातलं बोलायचा. आईने रोज पेज दिली, तापात उशाशी बसली. बरा झाल्यावर त्याने तिला येशूची तसबीर दिली. आईने लगेच हळदकुंकू लावून ती देव्हाऱ्यात लक्ष्मीनारायणाशेजारी बसवली आणि गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, ह्यो पावणो तुझ्या घराक इलो हा. सांभाळून घे."

पास्टरचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, बाई ख्रिस्ती झाली! गावभर सांगत सुटला. लोकांनी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "एक देव वाढलो, त्येत काय झाला?"

मग एका दुपारी आई विहिरीवर असताना हा गृहस्थ सरळ देव्हाऱ्यापाशी गेला आणि आमचे टाक, बाळकृष्ण, सगळे पिशवीत भरू लागला. आई ओल्या लुगड्याने दारात उभी.

"ठेव थंय! माझ्या सासवेचे देव आसत ते."

"ताई, एका घरात दोन मालक राहू शकत नाहीत."

"देव मालक नाय रे, घरचो माणूस आसा."

त्याला ते कळलं नाही. अडाणी, अंधारातली बाई म्हणाला तिला, तिचीच पेज पिऊन! आईने देव परत देव्हाऱ्यात मांडले आणि त्याच दिवशी खोली रिकामी करायला लावली. त्यानंतर आमच्या वाटेला तो कधी आला नाही, माफीचा शब्दही नाही. माझा राग अजून तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बाजारातून येऊन मी बातमी सांगितली. आई उठली, हातपाय धुऊन तसबिरीपुढे दिवा लावला. "तुझो माणूस गेलो रे बाबा. चुकलोमाकलो आसलो तरी पदरात घे."

मी भडकले. "अगो आये, तुझे देव पिशवीत भरल्यान तेना!"

"तेना भरल्यान." आईने तसबिरीकडे बोट केलं. "ह्येना काय केल्यान?"

तसबीर तिथेच आहे. रोजच्या कुंकवाने येशूचं कपाळ आता दिसतही नाही. पास्टरने पाहिलं असतं, तर पुन्हा पिशवी घेऊन आला असता.