वांग्याचा बैल, काकडीचा घोडा

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी एक जपानी गेम खेळायला लागले. त्यात मारामारी नव्हती. समुद्राकाठच्या लहानशा गावातलं बंद पडलेलं सार्वजनिक न्हाणीघर पुन्हा चालू करायचं, एवढंच. पण गावाचे रिवाज कडक. जोडे दारात न काढता घरात शिरलं की शेजारीण तोंड फिरवायची. अंग न धुता गरम पाण्याच्या हौदात उतरलं तर दोन दिवस कोणी बोलायचं नाही. हौदाचं पाणी सगळ्यांचं, आधी बाहेर अंग चोळून धुवायचं, हे मी त्या अबोल्यातून शिकले.

"दिवसभर काय बटनं दाबून राहिली?" बाबा म्हणायचे. "वाया चालली ही पोरगी."

आई मात्र भाजी निवडायला माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा गेममध्ये पूर्वजांचा सण आला. शेजारणीने काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय खोचून ठेवले. आईचा हात थांबला.

"वांग्याले पाय काहून लावले वं?"

मी वाचून सांगितलं. काकडीचा घोडा. त्यावर बसून गेलेली माणसं भरधाव घरी येतात. वांग्याचा बैल परतीसाठी. तो हळू चालतो, म्हणजे निघाल्यावरही घर लवकर नजरेआड होत नाही.

"हा तं आपला तान्हा पोळाच!" आई हसली. लहानपणी त्या सणाला माझा लाकडी नंदी तीच सजवायची आणि मी तो मोहल्लाभर ओढत फिरायचे. मग ती म्हणाली, "हुशार लोकं हायेत. जायची घाई कोणाले असते?"

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तीन आठवडे, मग संपलंच.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या पितृपक्षात, अविधवा नवमीला, तिचं पान पहिल्यांदा वाढायची वेळ आली. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, उमरेडहून सकाळच्या एसटीने मनीषनगरला आमच्या घरी आली. वडे, कढी, खीर, सगळं तिच्या नजरेखाली झालं. पान वाढून झाल्यावर मी कडुनिंबाच्या काड्या खोचलेली काकडी आणि वांगं त्याच्याजवळ मांडलं.

"हे काय मांडून राहिली वं?"

"आईसाठी हाय. घोडा आन् बैल."

"कोणं सांगतलं? गुरुजीनं?"

"नाही. गेममध्ये शिकली मी."

आत्याने दोन्ही उचलून खिडकीत ठेवले. मी परत आणून मांडले. तिने पुन्हा उचलले, त्यात बैलाचा एक पाय मोडला. मी नवी काडी खोचली आणि तिसऱ्यांदा मांडले.

"मायच्या पानापाशी खेळ मांडते? लाज नाही वाटत?"

"नाही वाटत. तिले आवडलं होतं हे. आता उचलू नको, आत्या. मी दहा वेळा ठेवीन."

ती बाबांकडे वळली. "तू काय पाहून राहिला गा? सांग तिले."

बाबा माझ्या बाजूने बोलले, असं लिहायला मला आवडलं असतं. ते बोलले नाहीत. वांग्याकडे बघून म्हणाले, "जेवण थंड होऊन राहिलं." आत्या न जेवता निघून गेली. सहा महिने तिचा फोन नव्हता.

एका वांग्यापायी घरचं माणूस दुखावलं, असं नातेवाइकांनी ऐकवलं. दुखावलं, मान्य. पण तोवर पितरांबद्दल मला कोणी काय सांगितलं होतं? कावळा शिवला नाही तर कसं वाईट होतं, एवढंच. गेलेलं माणूस परत निघताना त्याला उशीर व्हावा, असं वाटण्याची मुभा मला एका खेळाने दिली. ते मी कुठून शिकले, हे मी लपवणार नाही.

नंतर मी जपानीचा क्लास लावला. तिथल्या बाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तिकडेही आता सगळ्या घरांत हे होत नाही बरं का."

"आमच्या घरी होते," मी म्हटलं.

गेल्या नवमीला आत्या आली. बैलाकडे पाठ करून बसली, पण पोटभर जेवली. वळून बस, असं मी तिला म्हटलं नाही.