ते मुरगूडकराकडं हाय

लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. पुस्तकं लिहिणाऱ्यांतला मी नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि त्या पायरीवर वाटलेली भीती अजून पुरती गेलेली नाही. कॉलेजात आम्हाला गणित सांगणाऱ्या अण्णांवर लिहायला कुणीतरी जाणतं माणूस पुढं येईल म्हणून थांबलो होतो. कुणी आलं नाही. म्हणून हे धाडस. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

अण्णा एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. आळस म्हणून नव्हे, ती त्यांची रीत होती. एखादी अडचण ते एका मुलाला अगदी मुळापासून समजावून देत. नंतर तीच अडचण घेऊन दुसरा कुणी आला, की हात झटकून म्हणत, "ते आता माझ्याकडं न्हाय. कागलकराकडं हाय. जा."

साठ-सत्तरच्या मधली ती वर्षं. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजनं कच्च्या मुलांसाठी एक शिकवणी सुरू केली होती, वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना शिकवायची. गणिताचं काम अण्णांकडं होतं. ते कुरुंदवाडचे, दूधदुभत्याच्या घरातले. मी मुरगूडजवळच्या खेड्यातून आलेला, म्हणून सगळ्यांचा मुरगूडकर. वर्गातलं इंग्रजी ऐकून छाती धडधडायची. धीर करून पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेलो, तर त्यांनी मला तसंच कागलकराकडं पाठवलं. वाटलं, खेड्यातल्या पोराला टाळतायत. कागलकर आमच्याच बोर्डिंगमधला, स्वतः कसाबसा पास होणारा. तोंडात भाकरीचा घास तसाच ठेवून तो ओरडला, "या पावणं, बसा की! अण्णानं धाडलं न्हवं?" आणि त्यानं ते गणित असं उलगडून सांगितलं, की मी त्याच्याकडं बघतच राहिलो.

पुढं एकदा न राहवून अण्णांना विचारलं, तुम्हीच का सांगत नाही? म्हणाले, "हुशार पोरगं पास हुतंय आन् निघून जातंय. डोक्यातलं समदं संगट नेतंय. मग मागनं आल्यालं पोरगं पुन्हा नवी हीर खणतंय. आमच्यात विरजण चार घरांत दिल्यालं असतंय. आपलं नासलं, तर मागायला जागा ऱ्हाती." तेव्हापासून बोर्डिंगात त्यांचं नाव विरजणअण्णा पडलं. त्यांना ते आवडायचं.

'समजलं नाही' हे शब्द त्यांना चालत नसत. "न्हाय समजलं म्हणू नगंस. कुठवर समजलं, ते सांग. म्हस कुठं अडलीया ते कळल्याबिगर ढकलायची कुठनं?" या एका प्रश्नाची मला फार धास्ती होती. कारण कुठवर समजलं हे सांगताना, किती थोडं समजलंय ते उघडं पडायचं.

आणि एक दिवस त्यांनी लिमिटची व्याख्या मला समजावली. एप्सिलॉन आणि डेल्टाची. भिंतीवर दोन रेघा ओढून, पुन्हा पुन्हा सांगून. आधी समोरच्यानं एप्सिलॉन, म्हणजे चालेल तेवढी चूक, द्यायचा, मगच आपण डेल्टा, म्हणजे त्यासाठी किती जवळ राहायचं ते, काढायचा. हा क्रम उलटला की सगळंच खोटं. मला ते कळलं तसे ते उठले. "हे आता तुझ्याकडं." मला जेवण गेलं नाही. मी विसरलो तर? मी उलटं सांगितलं, तर माझ्यामागनं येणारे सगळेच उलटं शिकतील!

माझ्याकडं पहिला आला तो शहरातल्या एका वकिलांचा मुलगा, कडक इस्त्रीच्या शर्टातला. त्याला बघून पाठ केलेलं इंग्रजी वाक्य घशातच अडकलं, आणि तोंडातून निघाली ती म्हैस. म्हटलं, "म्हैस बांधाकडंला बांधायचीय. शेजारी सांगणार, पिकाची किती नासाडी चालवून घेईन. तो एप्सिलॉन. त्यावरनं आपण दावं किती लांब ठेवायचं ते ठरवायचं. तो डेल्टा. शेजारी नासाडी कमी करत जाईल, आपण दावं आखूड करत जायचं. पण आधी शेजारी, मग दावं. दावं आधी कापून बसलास, तर भांडण तुझ्या गळ्यात."

"म्हैस बसणार आहे का परीक्षेला?" तो हसला. पण त्याला समजलं होतं. मी मात्र त्याला विनवलं, अण्णांना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्या व्याख्येला मी शेण लावलं, असंच मला वाटत होतं.

त्यांच्या शेवटच्या परीक्षेआधी अण्णांना विषमज्वर झाला. गावाहून परत आले ते काठीसारखे होऊन. "डोकं धुतल्यागत झालंय," म्हणाले. घरच्यांनी बजावलं होतं, यंदा नापास झालास तर पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही. मग ते एकेकाच्या खोलीवर फिरू लागले, दिलेलं परत मागत. तेव्हा आमची जी अवस्था झाली ती सांगता येत नाही. आमच्याजवळ राहिलंय ते शुद्ध आहे का? सदा थट्टा करणारा कागलकरसुद्धा थट्टा विसरला. अण्णा त्याच्याकडून उठले आणि थेट माझ्या दारात आले.

"सांग. मला कायबी येत न्हाय असं धर."

भिंतीवरच्या रेघा आठवायला लागलो. आठवेनात. अखेर म्हैसच सांगितली, मान खाली घालून, शेवटपर्यंत.

ते म्हणाले, "हे मी सांगितल्यालं न्हाय."

"नाही अण्णा. चुकलं असेल तर..."

"गप. पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. 'भांडण गळ्यात' आलं तसे ते हसायला लागले. तापानंतर पहिल्यांदाच. "आयला, आमच्या गोठ्यात एवढं गणित हुतं व्हय!"

ते पास झाले. आमच्या मनासारखा क्लास मिळाला नाही, पण पास झाले. एसटीत चढताना म्हणाले, "माझं नासलं तर मागायला यीन. तवा न्हाय म्हणू नगंस."

पुढं मी शिक्षक झालो. दरवर्षी लिमिटचा धडा आला, की वर्गात शिरण्याआधी दाराशी थांबून मनात घोकायचो, आधी शेजारी, मग दावं. अण्णा आले तर आपल्याकडं नीट असायला हवं. ते आले नाहीत. त्यांचं नासलं नसावं, की मलाच विसरले असावेत, काही कळायला मार्ग नव्हता.

मग एका वर्षी आमच्याकडं कुरुंदवाडचा एक तरुण शिक्षक नव्यानं रुजू झाला. मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती मुलं जमली होती. मी चहाचा कप घेऊन शेजारून जात होतो, आणि माझे पाय थांबले. तो सांगत होता, "आधी शेजारी, मग दावं."

मुलं गेल्यावर विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"आमच्या गावी अण्णा होते, सर. दूध घालून आले की पोरांना फुकट शिकवायचे. पण हे माझं न्हाय म्हणायचे. हे मुरगूडकराचं हाय. आम्हाला वाटायचं, मुरगूडकर म्हणजे कुणीतरी मोठा पुस्तक लिहिणारा. मी तर लायब्ररीत शोधलं पण हो."

हातातला कप मी खाली ठेवला. मग उगीच एक आशा ठेवून विचारलं, "म्हणायचे, म्हणजे?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. त्याला कळलं असावं.

"दोन वर्षं झाली, सर. शेवटी शेवटी म्हणत होते, मुरगूडकराला कळवा. पण कळवायचं कुणाला? नाव तर कुणालाच ठाऊक नव्हतं."