अर्जातला एक रकाना

एस्तेरी नान्सिकोंबीचे कान नवव्या वर्षी गेले. हिवताप उतरावा म्हणून क्विनीन दिलं. ताप उतरला, पण जाताना कानही घेऊन गेला. उजव्या कानात थोडी धुगधुगी राहिली. तेवढ्यावर आणि समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून तिने पदवी काढली आणि कंपालातल्या एका विद्यापीठात कारकुनीला लागली. सहा वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग एकदा साहेबांनी पाठीमागून तीन हाका मारल्या आणि बिंग फुटलं. नोकरी टिकली, कारण तोवर तिच्यावाचून कचेरीतलं पान हलत नव्हतं.

पुढे अपंग विद्यार्थ्यांना नोकरीसाठी तयार करायचं काम विद्यापीठाने तिच्याकडेच दिलं. दर गुरुवारी ग्रंथालयामागच्या फणसाखाली मुलं जमायची. कुणी कुबड्या घेऊन, कुणी पांढरी काठी टेकत. ती त्यांच्याकडून मुलाखतीचा सराव करून घ्यायची. "मान वर कर! नोकरी मागतोयस, भीक नाही," असं खडसवायची.

बालिराइने नावाचा मुलगा तिला तिथेच भेटला. कामुली गावाकडच्या एका सायकलवाल्याचा पोरगा, रसायनशास्त्रात पहिला आलेला. त्यालाही जेमतेमच ऐकू यायचं.

"बाई, तुमचे नि माझे मिळून एक धड कान होतो बघा," तो म्हणायचा.

दीड वर्षात त्याने अकरा अर्ज केले. अपंगत्वाच्या रकान्यात प्रत्येक वेळी खरं तेच लिहिलं. दहा ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. शहराबाहेरच्या एका तेलाच्या कारखान्याने मात्र चक्क पत्र पाठवलं: बहिऱ्या माणसाला आमच्याकडे काम देता येत नाही.

त्याने ते पत्र तिच्यापुढे ठेवलं. "खरं किती दिवस लिहायचं, बाई?"

तिने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, "यापुढे तो रकाना कोरा सोड."

आणि आपण सहा वर्षं वापरलेल्या सगळ्या युक्त्या तिने त्याला शिकवल्या. खिडकीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे उजेड समोरच्याच्या तोंडावर पडतो. कळलं नाही तर 'तेवढं लिहून देता का, मी विसराळू आहे' म्हणायचं.

आठ महिन्यांनी त्याच कारखान्यात जागा निघाली आणि ती त्याला मिळाली, प्रयोगशाळेत. तिकडे आवडीने खातात त्या तळलेल्या नाकतोड्यांचा पुडा घेऊन तो आला. हसू चेहऱ्यावर मावत नव्हतं.

पाचव्या महिन्यात तेलाचे नमुने घेऊन तो गोदामातून निघाला होता. मागून पिंपांची गाडी उलटी येत होती. भोंगा वाजला तशी बाकीची माणसं बाजूला झाली. बालिराइनेने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दफनाला नान्सिकोंबी कामुलीला गेली. घरामागच्या केळीत खड्डा खणला होता. बायकांबरोबर ती चटईवर बसली. मुलाचा बाप इसाबिर्ये तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"कारखान्याचे साहेब म्हणतात, तुमच्या पोराने आम्हाला फसवलं. बाई, माझा पोरगा खोटारडा होता का?"

त्याच्या ओठांवरचा शब्द न् शब्द तिने वाचला. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. आयुष्यभर कितीदा तरी दाखवलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "लिहू नकोस असं मीच सांगितलं त्याला."

पोराची आत्या ताडकन उठली. "आणि वर इथं येऊन बसलीस? लाज नाही वाटत?"

इसाबिर्येने हात वर केला. "बसू दे तिला. ती स्वतः तरी आली. त्यांच्याकडून नुसती शवपेटी आली."

कारखान्याने भरपाई साफ नाकारली. बहिरेपण लपवलं, म्हणून आमची जबाबदारी नाही. नान्सिकोंबीने साक्ष द्यायचं ठरवलं तेव्हा कुलसचिवांनी तिला बोलावून घेतलं. "विद्यापीठाचं नाव चव्हाट्यावर आणू नका, बाई." ती गेलीच.

कामगार अधिकाऱ्यापुढे तिने कारखान्याचं ते जुनं पत्र ठेवलं.

"म्हणजे हा बहिरा आहे हे त्यांना ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"त्यांच्याच कागदांत होतं. कुणी उघडून बघितलं नाही."

"आणि लपवायचा सल्ला तुमचा?"

"माझाच. लिहून घ्या."

दोन वर्षं झाली, निकाल नाही. गुरुवारची बैठक विद्यापीठाने बंद केली आणि तिला पुन्हा कारकुनीवर बसवलं. प्रत्येक तारखेला इसाबिर्ये पहिली बस धरून येतो. दोघं एकाच बाकावर बसतात. तो कमी बोलतो, आणि बोलला तर तिच्याकडे तोंड करून, सावकाश.

मुलं अजून येतात, पण गुपचूप, तिच्या घरी. परवा रेहेमा आली. तिला फेफरं येतं. कापड गिरणीत अर्ज करायचा होता.

नान्सिकोंबीने तिला सगळं सांगितलं. अकरा अर्जांचं, आणि गोदामाचंही.

"मग मी काय लिहू, बाई?"

"ते आता मी कुणाला सांगत नाही. चल, आधी ती जागा तरी बघून येऊ."

दोघी गेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. यंत्रं कुठे आहेत, जिने किती आहेत, काहीच दिसलं नाही. रेहेमाने समोरच्या चहाच्या टपरीवर बसून अर्ज भरला. त्या रकान्यापाशी तिचा हात बराच वेळ थांबला. ती काय लिहिते ते नान्सिकोंबीने पाहिलं नाही.