द्वारका ओलांडून दिंडोरीला, सायकलने

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना साखरेवर सायकल सांगितली आणि माझ्या जिवाला घोर लागला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नाशिक रोडला, ह्यांचं ऑफिस शहरात आणि मध्ये द्वारकेचा चौक. ट्रक, एसटी, टांगे, आणि त्यात आमचे हे! संध्याकाळी घंटी ऐकू येईपर्यंत मी फाटकाशी उभी.

त्यात गंमत बघा, हे रस्त्यांचेच नकाशे काढायचे. रस्त्यावरच्या वाहनांच्या मोजणीत सायकली फारशा निघाल्या नाहीत, म्हणून द्वारकेच्या रस्त्याच्या नव्या नकाशातली सायकलींसाठीची वेगळी पट्टी साहेबांनी ह्यांना खोडायला लावली होती. सोमवारी नकाशावर सही व्हायची होती.

शनिवारी रजा टाकून आम्ही नणंदेकडे दिंडोरीला निघालो. मी शाळेत शिकवायला सायकलनेच जायची, त्यामुळे माझा प्रश्न नव्हता. उजाडता उजाडता द्वारकेला पोचलो, तर अगंबाई, सायकलीच सायकली! हँडलला डबे अडकवलेले कामगार नाशिक रोडकडे, मागे झेंडूच्या पाट्या बांधलेले माळी शहराकडे. हे पाय टेकून उभेच.

"अगं, ही माणसं आमच्या मोजणीत कशी नाहीत?"

"मोजता कधी?"

"अकरा ते चार. जीप तेव्हाच मिळते."

"अहो, तेव्हा हे सगळे कामावर असतात ना!"

मागून फुलवाला ओरडला, "ओ भाऊ, सरका की! लय उशीर झालाय!"

म्हसरूळ सोडलं की चढ लागतो. जाणार असाल तर पंप आणि पाणी जवळ ठेवाच. मध्ये टपरीवर झणझणीत मिसळ खाल्ली. साखरवाल्या माणसाने दोन पाव जास्त घेतले, मी डोळे वटारले. रविवारी सायकली नणंदेकडे ठेवून एसटीने वणीला जाऊन आलो. बसमध्ये ह्यांचं एकच, "साहेबांना सांगू कसं?"

"सांगू नका. सकाळी सहाला द्वारकेला चहाला बोलवा."

परतताना द्वारकेलाच एका ट्रकने ह्यांना इतकं दाबलं की हे सायकलसकट कडेच्या मातीत. मी किंचाळले. हे कपडे झटकत उठले, साधं खरचटलंही नव्हतं. मला मात्र तिथेच रडू फुटलं.

रात्रीच हे साहेबांच्या घरी जाऊन चहाचं सांगून आले, आणि सोमवारी साहेब खरंच आले. हातातला चहा गार झाला तरी बघतच राहिले. "बापरे! रोज एवढे?" सही थांबली, पहाटेपासून पुन्हा मोजणी झाली, आणि ह्यांनी खोडलेली पट्टी ह्यांनीच परत काढली. हुश्श!

रस्ता व्हायला पुढे बराच काळ गेला. वणीचं दर्शन, मिसळ सगळं आता पुसट झालंय. पट्टी सुरू झाली तो दिवस मात्र लख्ख आठवतो. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, आणि मागून आवाज आला, "अगं, आज फाटकाशी नाहीस?"

विसरलेच होते मी.