बुवाचं दूध आणि आईचे पाय

बुवाने माझ्या आईला फसवलं. तिच्या गळ्यात माळ घातली, तिच्याकडून नमस्कार घेतला आणि फसवलं.

मी खोडाळ्याच्या बाजारात सुकट विकायची. डोक्यावरच्या एका टोपलीपासून सुरुवात केली आणि पुढे बाजारात माझं स्वतःचं पाल लागलं. माझ्याशी भाव करताना भलेभले व्यापारी घाम पुसत. पण हा सौदा माझ्याच घरात माझ्या पाठीमागे झाला, आणि तो मला मोडता आला नाही.

बुवा शहराकडून यायचा. पाड्यापाड्यांवर भजन करायचा; दारू सोडा, मांसमच्छी सोडा म्हणून सांगायचा. दारू सुटली ते बरंच झालं. वडील गेल्यावर आईनेही माळ घातली. सुकट, खेकडे, अंडी एका दिवसात बंद. माझ्या मालाचा वास नको म्हणून तिने पडवीत वेगळी चूल मांडली.

आमच्या गोठ्यात गाय होती, पण तिचं दूध आम्ही काढत नव्हतो. दूध वासराचं, ही आमची रीत. आईने जन्मात दूध तोंडाला लावलं नव्हतं. शहरातल्या माळकऱ्याने मासे सोडले तरी त्याच्या ताटात दूध, दही, ताक राहतं. आईच्या ताटात नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि रानभाजी एवढंच राहिलं. बुवाला हे ठाऊक होतं. आमच्याकडे जेवायला बसला तेव्हा त्याने दूध मागितलं होतं, आणि आईने हात जोडून सांगितलं होतं, आमच्यात काढत नाहीत. त्यानंतर त्याच्यासाठी दूध जव्हारहून यायला लागलं.

तीन-चार पावसाळे गेले. आईची जीभ लालभडक झाली, भाकर झोंबायला लागली. पायांना मुंग्या येतात म्हणायची. मग चालताना तोल जायला लागला. म्हातारपण आहे, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. एकदा चुलीतला निखारा तिच्या पावलावर पडला. जळका वास आला म्हणून मी धावले, तर ती शांतपणे भाकर थापत होती. तिला कळलंच नव्हतं.

जव्हारच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न खाण्याचा केला. मी सगळं सांगितलं. माणसाच्या नसांना जे लागतं ते मासे, अंडी, दुधात असतं, भाकरीत नसतं, आणि म्हाताऱ्या शरीराला ते लवकर कमी पडतं, असं म्हणाले. लाल रंगाची इंजेक्शनं सुरू केली. जीभ सुधारेल, पायांचं सांगता येत नाही, उशीर झालाय, हेही सांगितलं. आणि खाणं बदला म्हणाले.

आई ऐकेना. दूध वासराचं म्हणून नको, आणि अंडं-मासा म्हटलं की म्हणायची, "बोल दिलाय, बाय. आता मोडू कशी?"

बोल ज्याला दिला तोच सोडवू शकत होता. बाजाराच्या दिवशी मी त्याच्यापुढे उभी राहिले. देवळाच्या ओट्यावर बसला होता, शेजारी दुधाचा तांब्या.

"महाराज, तिची माळ काढू नका. एवढंच सांगा, म्हातारीला अंडं चालेल. ती तुमचं ऐकेल."

"नेम तो नेम, बाई," तो म्हणाला. "आणि दूध मी कुठे बंद केलंय?"

मी अंड्यावरून खाली आले. निदान दूध पी म्हणून तुम्ही स्वतः येऊन सांगा, म्हटलं. पुढच्या फेरीत बघू म्हणाला. मागून त्याचा एक चेला बोलला, "सुकटवालीचं एक गिऱ्हाईक कमी झालंय, म्हणून आलीये." ओटाभर माणसं हसली. बुवाही हसला, आणि त्याने तांब्या तोंडाला लावला.

तो आलाच नाही. आईची जीभ बरी झाली, पाय परत आले नाहीत. पुढची सगळी वर्षं ती पडवीत बसून सरकत राहिली. माळ गळ्यात ठेवूनच गेली.

बुवा अजून आहे म्हणतात, अजून माळा घालतो. त्याने आमच्या पडवीत यावं. जिथे बसून दूध मागितलं त्याच जागी बसावं, आणि माझ्या तोंडाकडे बघून सांगावं: या घरात दूध काढत नाहीत हे माहीत असताना, मासे सोडल्यावर म्हातारी काय खाईल हे तू का विचारलं नाहीस?