खांद्यावरचा हात

शेवगावच्या बाजारात एका चहाच्या टपरीपुढे बाकडे आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी दुपारी तेथे बसतो. नमाज आटोपून मिस्त्री येतो. मिस्त्री म्हणजे माझा मित्र. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. बोलताना उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवण्याची त्याची सवय. त्या हाताची तर्जनी अर्धी आहे. माझ्या गोठ्यातली कडबाकुट्टी दुरुस्त करताना ती गेली.

निवडणुकीच्या तोंडावर टपरीसमोरच एका उमेदवाराचा दुमजली उंचीचा फ्लेक्स लागला. उमेदवाराच्या शेजारी मी होतो. पुतण्याने आम्हा दोघा मित्रांचा याच बाकड्यावर काढून फेसबुकवर टाकलेला फोटो कोणीतरी उचलला होता. मिस्त्रीला काढून त्याच्या जागी उमेदवार बसवला होता. माझ्या खांद्यावरचा हात मात्र मिस्त्रीचाच राहिला होता. खाली मजकूर होता, 'ज्येष्ठांचा विश्वास'. त्या गृहस्थांना मी आयुष्यात भेटलेलो नाही.

फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाऊन जाब विचारला.

"आजोबा, हात खांद्याला चिकटलेला. तो कापला असता तर तुमचा खांदा गेला असता. बाही तेवढी बदलली."

"आणि ज्याचा हात, तो माणूस?"

"तो डिझाईनमध्ये बसत नव्हता."

तेथून प्रचार कार्यालयात गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि माझ्यासोबत आणखी एक फोटो काढून घेतला. फ्लेक्स उतरला नाही.

लोक मला नमस्कार करू लागले. एका शेतकऱ्याने मुलासाठी शब्द टाकायला सांगितले.

"पोराला सुप्याच्या एमआयडीसीत लावा म्हनावं. तुमचं ऐकत्याल साहेब."

"माझी त्यांची ओळख नाही."

"व्हय, व्हय. मोठ्या मानसांनी असंच म्हनायचं आसतं."

मी त्याला फ्लेक्ससमोर उभे केले आणि ती अर्धी तर्जनी दाखवली. हे बोट मिस्त्रीचे आहे, साऱ्या बाजाराने ते पाहिलेले आहे, असे सांगितले. तो बराच वेळ वर पाहत राहिला.

"आयला, साहेबांचं बोट तुटल्यालं हाय? आमाला म्हाईतच न्हवतं."

आठवडाभरात बाजारभर झाले की, तरुणपणी शेतात राबताना साहेबांचे बोट गेले. टपरीवाल्याने तर तो प्रसंग मलाच सांगितला, रक्त किती वाहिले यासकट. माझ्या हाती एकच पुरावा होता. तोही त्यांच्या प्रचाराला लागला.

मिस्त्री हे ऐकून आधी मोठ्याने हसला. "अण्णा, माझं बोट निवडून येतंय. मला उभं ऱ्हायला कुनी विचारलं न्हाई."

"लोकांना हात दाखव. तूच सांग."

त्याचे हसू थांबले. "मी सांगू? साहेबांची बदनामी करतोय म्हनत्याल. माझं दुकान हितंच हाय, अण्णा."

 

उमेदवार निवडून आले. मिरवणूक टपरीसमोरून गेली. जीपवर उभे राहून ते दोन्ही हात उंचावत होते. दहाही बोटे शाबूत होती. मी टपरीवाल्याला म्हणालो, "मोज."

त्याने मोजली. म्हणाला, "बसवून घेतलं आसंल. आता समदं हुतं."

मिस्त्री अजून येतो. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसतो आणि उजवा हात खिशात ठेवतो. परवा बोलण्याच्या भरात तो हात बाहेर आला, माझ्या दिशेने निघाला. समोरच्या दुकानातून कोणी पाहत होते. मिस्त्रीने त्याच हाताने चहाचा ग्लास उचलला.

मी थोडा त्याच्याकडे सरकलो होतो. तसाच बसून राहिलो.